कात्रज ते सिंहगड पहिल्यांदा करताना

पुण्याजवळच्या कात्रज घाटापासून टेकड्यांवरून चालत सिंहगड गाठायचा हा ट्रेक. पौर्णिमेच्या रात्री बरेच जण जातात, पण पहिल्यांदा तू दिवसाच जा, तेही डिसेंबर-जानेवारीत. कात्रजच्या जुन्या बोगद्यावरच्या वाघजाई मंदिरापासून उजाडताच निघ. अंतर साधारण 15-16 किलोमीटर, टेकड्या तेरा मोजतात. चढ दम काढतात, पण खरी परीक्षा उतारांवर. मुरमाचा घसारा आणि वर वाळलेलं गवत, पाय सरकलाच म्हणून समज. तिथे तोंड दरीकडे करून धावत सुटू नकोस. अंग किंचित आडवं, गुडघे सैल, टाच रुतवून छोटी पावलं टाक. पुढच्याच्या बरोबर मागे राहू नकोस, त्याच्या पायाखालचा दगड तुझ्यावर येतो. बुटांच्या तळाच्या खाचा झिजलेल्या असतील तर आधी नवे बूट घे, बाकी खर्च नंतर.

डोंगराच्या धारेवर, म्हणजे माथ्याच्या अरुंद रांगेवर, पाणी नाही, सावलीही जवळजवळ नाही. माणशी चार लिटर घे, कितीही जड वाटलं तरी. अर्धं पाणी निम्म्या वाटेआधी संपलं तर मागे फिर, त्यात कसलाही कमीपणा नाही. वाट फुटली की धार सोडायची नाही. सिंहगडावरचा टॉवर समोर दिसत राहतो. शेवटी घाटाच्या डांबरी रस्त्यावर उतरशील. गडावरचं पिठलं-भाकरी खायची ताकद उरली नसेल तर जीप पकडून सरळ खाली ये, पायथ्याहून स्वारगेटची बस मिळते.