अमेरिकेत मुलांच्या रेक (रिक्रिएशनल, म्हणजे गावातल्या सगळ्या मुलांसाठीच्या हौशी) बास्केटबॉल लीगमध्ये एका टीममध्ये बऱ्याचदा दहाच मुलं का घेतात? अकरावा घेतला तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौथीत आहे, त्याचा जिवलग मित्र ज्या टीममध्ये आहे तीच त्याला हवी आहे, आणि लीगवाले म्हणतात तिथे दहा भरले, म्हणून त्याला दुसरीकडे घातलं. घरी रडारड चालू आहे. "एका मुलाने असा काय फरक पडतो?" असं तुम्ही विचारलंय.

मी न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपच्या रेक लीगमध्ये पाच सीझन तिसरी-चौथीच्या मुलांचा कोच होतो. शेवटचे दोन सीझन टीम पाडायच्या बैठकीलाही बसलो. फरक पडतो. फक्त तो अकराव्याला पडत नाही, म्हणून त्याच्या आईवडिलांना दिसत नाही.

आमच्याकडे मॅच आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरची, म्हणजे ३२ मिनिटं. कोर्टवर एका वेळी पाच जण. म्हणजे वाटायला १६० मिनिटं. दहा मुलं असली की प्रत्येकी १६, आठ असली की २०. अकरा झाली की साडेचौदा. कागदावर दीड मिनिटाची गोष्ट वाटते. पण मिनिटं अशी चमच्याने वाटता येत नाहीत. आम्ही दर चार मिनिटांनी मुलं बदलायचो, म्हणजे मॅचमध्ये आठ पाळ्या आणि एकूण ४० जागा. दहा मुलांना प्रत्येकी चार पाळ्या, हिशोब चोख. अकरा झाले की सात जणांना चार आणि चौघांना तीन. त्या चौघांचा वेळ १६ मिनिटांवरून एकदम १२ वर येतो.

ते चौघे कोण, हे कोच ठरवतो. दर आठवड्याला चौघे बदलायचे असं मनाशी पक्कं केलेलं असतं. मग शेवटचा क्वार्टर येतो, स्कोअर १८-१८ असतो, पालक उभे राहून ओरडत असतात, आणि ज्याला अजून ड्रिबल नीट जमत नाही त्याची पाळी "पुढच्या वेळी देऊ" म्हणून मागे पडते.

हे मी स्वतः केलंय. दुसऱ्या सीझनला ओळखीतल्या एका कुटुंबाने आग्रह केला, मी शब्द टाकला आणि माझ्या टीममध्ये अकरावा आला. गोड मुलगा होता, खेळायचाही छान. फेब्रुवारीत मी माझी पाळ्यांची वही उलटून पाहिली. सात मॅचपैकी पाचांमध्ये एकाच मुलाला तीन पाळ्या मिळाल्या होत्या. तो कधी काही बोलला नव्हता. नाव पुकारलं की उठायचा, नाही पुकारलं की पाण्याची बाटली धरून बसायचा. पुढच्या वर्षी त्याने नाव नोंदवलं नाही. त्याची आई दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, "त्याला आता बास्केटबॉल आवडत नाही." नऊ वर्षांचा होता तो. तेव्हापासून टीमची मर्यादा वाढवायचा विषय निघाला की मी नाही म्हणतो.

१८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने हा खेळ पहिल्यांदा खेळवला, तेव्हा वर्गात १८ जण होते, म्हणून दोन्हीकडे नऊ-नऊ खेळले. बाहेर कुणी बसलंच नाही. पुढे पाच-पाचांचा खेळ रूढ झाला आणि बेंच आला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत टीम १२ जणांची असते, पण तिथे बाराव्याला खेळवायची सक्ती नाही. रेक लीगमध्ये सगळ्यांनी सारखेच पैसे भरलेले असतात आणि सगळे शिकायलाच आलेले असतात. तिथे मोठ्यांचा आकडा आणून चालत नाही.

मग आणखी एक टीम का काढत नाहीत? जिममुळे. सहा टीम असल्या की शनिवारी तीन मॅच, शाळेच्या जिमचे तीन तास. सातवी काढली की दर आठवड्याला एक टीम घरी बसणार, सरावाला आणखी एक संध्याकाळ लागणार, आणि पार्श्वभूमी तपासणी झालेला आणखी एक कोच लागणार, तोही फुकट वेळ देणारा. आणि सात-सात जणांच्या टीमही टिकत नाहीत. जानेवारीत फ्लूची साथ आली की दोन गळतात, मग उरलेली पाच पोरं ३२ मिनिटं बदलीशिवाय धावतात.

आता मित्राबद्दल. आपण गल्लीत खेळायचो तेव्हा दोन कॅप्टन आळीपाळीने पोरं निवडायचे. शेवटी जो उरायचा तो मान खाली घालून उभा असायचा, आणि सगळ्यांत लहान असेल तर लिंबूटिंबू व्हायचा. इथे तेच काम मुलांच्या माघारी होतं. आधी एका दिवशी सगळ्यांचा खेळ बघून गुण देतात. मग कोच बसून निवडतात, पहिल्या फेरीत एक ते सहा नंबरचे कोच क्रमाने आणि दुसऱ्या फेरीत उलटं, सहा ते एक, म्हणजे पहिला नंबर मिळालेल्याला सगळे चांगले खेळाडू उचलता येत नाहीत. भावंडं एकत्र ठेवतात. कोचची मुलं त्याच्याच टीममध्ये जातात, पण त्यांच्या गुणांप्रमाणे कोचची ती फेरी खर्ची पडते, म्हणजे त्या फेरीत त्याला दुसरं मूल निवडता येत नाही. मैत्रीच्या सगळ्या विनंत्या मानल्या तर काय होतं तेही मी पाहिलंय: ट्रॅव्हल टीममध्ये (चाचणी घेऊन निवडलेल्या, बाहेरगावी जाऊन खेळणाऱ्या टीममध्ये) असलेल्या पाच मुलांच्या पालकांनी एकमेकांची नावं लिहिली होती. मानलं असतं तर उरलेल्या पाच टीमनी सीझनभर नुसता मार खाल्ला असता.

तुम्हाला आत्ता करता येण्यासारखं एकच आहे. लीगला विचारा की प्रत्येक मुलाला किमान किती वेळ खेळवायचं याचा लेखी नियम आहे का. मी तुमच्या जागी असतो तर टीम कुठली यापेक्षा हे आधी विचारलं असतं. पुढच्या वर्षी नाव नोंदवतानाच, मुदतीच्या आत, दोन्ही घरांनी एकमेकांचं नाव लिहा. एकतर्फी विनंती बहुतेक बाजूला पडते. त्याहून खात्रीचं म्हणजे तुम्हा दोन घरांतल्या एकाने कोच आणि दुसऱ्याने असिस्टंट व्हावं. बऱ्याच लीगमध्ये दोघांचीही मुलं मग त्याच टीममध्ये येतात. गुण देण्याच्या दिवशी मुलाला मुद्दाम खराब खेळायला मात्र सांगू नका. काही पालक सांगतात, आणि मूल ते विसरत नाही.

त्याच्या नव्या टीममध्ये किती जण आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. नऊ असतील तर कोच नीट वाटणारा असला की कुणालाच १६ मिनिटांपेक्षा कमी मिळत नाहीत, चौघांना तर २० मिळतात. मित्राला त्याच्या टीममध्ये १६ च मिळतील. आणि या दोन टीमची एकमेकांशी मॅच कधी आहे ते वेळापत्रकात बघून ठेवा. त्या दिवशी दोघांनी एकमेकांनाच गार्ड करायचं, म्हणजे अडवायचं, हे कोचला आधी सांगा. माझ्या टीममधली पोरं हे स्वतः येऊन मागायची, आणि मी एकदाही नाही म्हटलं नाही.