भौतिकशास्त्राचे उदाहरण सोडवताना

प्रश्न वाचताच सूत्र शोधण्याची घाई करू नका. आधी दिलेल्या राशी एककांसह एकाखाली एक मांडा. समजा, ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर ४ सेकंदांत थांबते आणि तिचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, विचारले आहे. इथे 'थांबते' या एका शब्दात अंतिम वेग शून्य असल्याची माहिती दडलेली आहे, आणि नवखा विद्यार्थी नेमकी तीच सोडून देतो. ७२ ला ५ ने गुणून १८ ने भागण्याऐवजी थेट ३.६ ने भागले की वेग सेकंदाला २० मीटर मिळतो, आणि त्वरण उणे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. हे उणे चिन्ह गाळू नका, कारण वेग कमी होत आहे हे तेच सांगते. एकक न बदलता ७२ हाच आकडा घातला असता, तर उत्तर उणे १८ आले असते. इतके त्वरण साध्या गाडीला शक्य आहे का, असा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय मला फार मोलाची वाटते.

सूत्र, किंमती आणि आकडेमोड वेगवेगळ्या ओळींत लिहा, म्हणजे शेवटी गुणाकार चुकला तरी पद्धतीचे गुण मिळण्यास वाव राहतो. प्रकाशाच्या प्रश्नात किरणाकृती, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग दाखवणारी आकृती, पट्टीने काढा आणि प्रत्येक किरणावर बाण दाखवा. 'कारण द्या' या प्रश्नात केवळ नियमाचे नाव पुरत नाही. तो त्या प्रसंगाला कसा लागू होतो, हेही लिहावे लागते.