लिनक्स मिंटवर ओटीटी चालत नाही, यूट्यूब अडकतं : परत विंडोज टाकू का?

नका टाकू एवढ्यात. तुम्ही लिहिलंय की जुना लॅपटॉप आहे, प्रोसेसर इंटेलचा आय थ्री, चौथी जनरेशन, फायरफॉक्समध्ये ओटीटीवर नुसती काळी स्क्रीन येते आणि यूट्यूब अडकत अडकत चालतं. बाबांचा लॅपटॉप डिट्टो हाच आहे, त्यामुळे हे सगळं मी भोगून झालंय. हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, मी ते एकच समजून अख्खा रविवार घालवला होता.

ओटीटीचं सोपं आहे. ती मंडळी व्हिडिओ कुलूप लावून पाठवतात आणि ते कुलूप उघडणारा वाइडवाइन नावाचा तुकडा गूगलचा आहे, ओपन सोर्स नाही, म्हणून तो मुद्दाम चालू करावा लागतो. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली डीआरएमवाला (म्हणजे असा कुलूपबंद) कंटेंट प्ले करायची टिक आहे, ती मारा, एखादं मिनिट थांबा (तो मागे डाउनलोड होत असतो, मी घाई करून तीनदा रिफ्रेश मारत बसलो होतो), मग पेज परत उघडा. आणि कोणी म्हणालं क्रोमियम टाक, तर क्रोमियम (क्रोमचा ओपन सोर्स भाऊ) म्हणजे क्रोम नव्हे, त्यात वाइडवाइन सहसा नसतंच, क्रोममध्ये आधीपासून असतं. तरी आता बरे दिवस आहेत, लिनक्सवर नेटफ्लिक्स क्रोममध्ये सरळ चालायला २०१४ उजाडलं आणि फायरफॉक्समध्ये २०१७, त्याआधी सगळा जुगाडच.

आता यूट्यूब. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि कोडेक्सची (व्हिडिओ दाबून छोटा करायची पद्धत, तिला कोडेक म्हणतात) ओळ बघा. तिथे व्हीपी०९ किंवा एव्ही०१ (म्हणजे व्हीपी९ किंवा एव्ही१ हे नवे कोडेक) दिसलं की समजा चोर सापडला, कारण इंटेलमध्ये व्हीपी९ नीट उलगडणारं हार्डवेअर सातव्या जनरेशनपासून आलं आणि एव्ही१ चं तर अकराव्यापासून, म्हणजे तुमच्याकडे सगळं ओझं बिचाऱ्या प्रोसेसरवर, पंखा मिक्सरसारखा ओरडतो आणि तिथेच ड्रॉप्ड फ्रेम्सचा (गाळलेल्या चित्रांचा) आकडा वाढत जातो. उपाय म्हणजे एच२६४ इफाय हे ब्राउझरमध्ये टाकायचं एक्स्टेन्शन, ते यूट्यूबला सांगतं की बाबा मला एच.२६४ हा जुना कोडेकच दे, आणि ते तुमचं ग्राफिक्स आरामात पेलतं. फायरफॉक्स मात्र अपडेट करून घ्या, लिनक्समध्ये इंटेलवर हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्सकडे देणं) ११५ व्या व्हर्जनपासून आपोआप चालू असतं. या एक्स्टेन्शनने १०८० च्या वर जाता येत नाही, पण त्या लॅपटॉपचा स्क्रीनच ७६८ चा, कुठे बघणार फोर के?

एक मात्र खरं, ओटीटीवर चित्र विंडोजपेक्षा थोडं धुरकट वाटू शकतं. लिनक्सवर वाइडवाइन सॉफ्टवेअर पातळीवरच चालतं म्हणून काही कंपन्या पूर्ण एचडी देतच नाहीत, त्यावर सेटिंग नाही, शोधत बसू नका. बाबांनी अजून तरी तक्रार केलेली नाही, त्यांची तक्रार फक्त आवाज कमी येतो एवढीच.