कोणी आउटच होत नसेल तर खेळात मजा काय?

प्रश्न: ताई, आमच्या ग्रुपमध्ये वीस-बावीस मुलं आहेत, सगळ्यात लहान ८ वर्षांचा आणि मोठी पार १५-१६ची. दर रविवारी दोन तास भेटतो. कुठलाही खेळ घ्या, शेवट भांडणात. जिंकणारी तीच तीन-चार मुलं आणि पहिल्या दोन मिनिटांत आउट होऊन भिंतीला टेकून बसणारीही तीच. मिळून खेळायचे खेळ असतात असं ऐकलंय, पण मोठी मुलं म्हणतात हे बालवाडीवाल्यांचं आहे. काय करू?

उत्तर: त्या भिंतीला टेकलेल्या मुलांपासूनच सुरू करू, कारण खरी गोम तिथेच आहे. आउटचा नियम चालतो कसा बघा ना, ज्याला नीट पळता येत नाही, झेलता येत नाही तो सगळ्यात आधी बाहेर, म्हणजे ज्याला सरावाची गरज सगळ्यात जास्त त्याच्या वाट्याला खेळ सगळ्यात कमी, आणि जो आधीच तरबेज आहे तो शेवटपर्यंत मैदानात. मग दर रविवारी तेच दिसणार, दुसरं काय होणार.

म्हणून नवीन खेळ शोधत बसण्याआधी जुन्याच खेळातला हा एक नियम काढून बघा. संगीत खुर्ची घ्या. गाणं थांबलं की खुर्ची काढायची, पण मुलगा काढायचा नाही, सगळ्यांनी उरलेल्या खुर्च्यांवर मावायचं. कॅनडाचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ टेरी ऑरलिक यांनी १९७०च्या दशकात अशा खेळांवर बरंच काम केलं, त्यातला हा सगळ्यात गाजलेला प्रकार. सुरुवातीला सोपं वाटतं, पण दहा जणांना तीन खुर्च्या उरल्या की खरी धमाल, कोणी कोणाच्या मांडीवर, कोणी नुसता एक पाय टेकवून दुसऱ्याच्या खांद्याला लटकलेलं, आणि जो लहानखुरा म्हणून एरवी पहिला बाहेर जायचा त्यालाच आता सगळे "तू इकडे ये, तू मावतोस" म्हणून ओढतात. घडीच्या किंवा हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मात्र वापरू नका, मोडतात. त्यापेक्षा जमिनीवर सतरंजीचे तुकडे टाका आणि दर फेरीला एक उचला, पडायची भीतीच नाही.

साखळीचंही तसंच. ज्याला पकडलं तो बाहेर न जाता हात धरून साखळीत येतो, त्यामुळे खेळ संपेपर्यंत रिकामा कोणीच बसत नाही. साखळी पाच-सहा जणांची झाली की मधूनच तोडून दोन करा, नाहीतर टोकावरचा बिचारा नुसता फरफटत जातो.

आता मोठ्यांचं "बालवाडी" प्रकरण. खरं सांगू, त्यांचं थोडं बरोबरच आहे. मिळून खेळायचे म्हणून जे खेळ घेतले जातात त्यातले निम्मे इतके सोपे असतात की त्यात कोणाची कोणाला गरजच पडत नाही, आणि १५ वर्षांच्या मुलांना ते लगेच कळतं. एकट्याने होणारच नाही असं काहीतरी द्या, मग बघा.

माझा आवडता प्रकार काठीचा. साधारण दोन मीटरची अगदी हलकी, बारीक काठी घ्या, आठ-दहा जण समोरासमोर दोन रांगांत उभे, प्रत्येकाच्या दोन्ही हातांच्या तर्जनी छातीच्या उंचीवर आडव्या धरलेल्या आणि काठी त्यावर नुसती ठेवलेली. पकडायची नाही, बोट वाकवायचं नाही, आणि कोणाचंही बोट काठीपासून सुटता कामा नये. आता ही काठी जमिनीवर ठेवा, एवढंच काम. काठी खाली जायच्या ऐवजी वर जाते! कारण साधं आहे, आपलं बोट सुटू नये म्हणून प्रत्येक जण किंचित वर दाबतो आणि वीस बोटांचं ते किंचित किंचित मिळून हलक्या काठीच्या वजनापेक्षा जास्त होतं. मग "कोण ढकलतंय रे वर?" सुरू होतं, सगळ्यांना वाटतं आपण सोडून बाकीचेच ढकलतायत. तुम्ही मध्ये पडू नका, हे फार महत्त्वाचं आहे. बऱ्याचदा थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं थांबा, मी आकडे मोजतो, प्रत्येक आकड्याला थोडंसंच खाली जाऊ. आणि हे म्हणणारा नेहमीचा हिरोच असेल असं काही नाही.

माणसांची गाठही घेता येईल. आठ-दहा जण गोलात, प्रत्येकाने समोरच्या दोन वेगवेगळ्या लोकांचे हात धरायचे, शेजाऱ्याचा नाही, आणि हात न सोडता गुंता सोडवायचा. एक माहीत असू द्या, प्रत्येक गाठ सुटून एक गोल होतोच असं नाही, कधी एकात एक अडकलेले दोन गोल निघतात आणि कधी गाठ सुटण्यासारखीच नसते. म्हणून एकदा एक हात सोडून परत धरायची परवानगी ठेवा, पण ती कुठे वापरायची ते त्यांनाच ठरवू द्या. पकड सैल हवी, मनगट पिरगळलं जातंय वाटलं की लगेच थांबायचं. आणि उंचावरून मागे पडायचं आणि खाली बाकीच्यांनी झेलायचं, हा प्रकार मात्र नकोच, कितीही आग्रह झाला तरी.

प्रश्न: बाहेरच्या जगात स्पर्धा आहेच की. मुलं नुसतं मिळून खेळली तर उद्या टिकणार कशी?

उत्तर: स्पर्धा बंद करा असं मी म्हणतच नाहीये, घड्याळ लावून कालच्या आपल्याच वेळेशी स्पर्धा करा ना, मोठ्या मुलांना ते फार आवडतं. पण दोन गट कायमचे पाडून सतत झुंजवलं की काय होतं ते १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांच्या प्रयोगात दिसलं. ११-१२ वर्षांच्या मुलांचे दोन गट, रस्सीखेच, बेसबॉल वगैरे सामने, आणि थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी. मग नुसतं एकत्र जेवायला बसवून काही फरक पडला नाही, उलट अन्न फेकाफेकी झाली. फरक पडला तो दोघांनाही गरज असलेल्या कामाने, बंद पडलेला ट्रक सुरू करायचा होता आणि तो त्यांनी मिळून ओढला, तोही रस्सीखेचीच्याच दोराने. या प्रयोगावर नंतर टीकाही बरीच झाली, की मोठी माणसंच मुलांना डिवचत होती म्हणून. पण मग तोही मुद्दाच झाला ना, खेळ घेणारा मोठा माणूस काय करतो यावर अर्धं अवलंबून असतं.

प्रश्न: एक मुलगी प्रत्येक खेळात सगळ्यांना ऑर्डरी सोडते, बाकीचे गप्प. आणि काही मोठ्या मुलामुलींना हात धरायला नको वाटतं.

उत्तर: तिला ओरडू नका, तिला मुकी करा! म्हणजे त्या फेरीत दोघा-तिघांनी अजिबात बोलायचं नाही असा नियम काढा आणि त्यात तिचा नंबर येईल असं बघा, दर फेरीला मुके बदलायचे म्हणजे शिक्षा वाटत नाही. तिच्या कल्पना चांगल्या असतील तर पुढच्या फेरीत बोलेलच की.

हात धरायचं म्हणाल तर जबरदस्ती बिलकुल नको. हातभर दोरीचे किंवा कापडाचे तुकडे द्या, दोघांनी दोन टोकं धरायची, गाठ आणि साखळी दोन्ही तशी मस्त होतात. तरी कोणाला नकोच असेल तर घड्याळ त्याच्याकडे द्या, पण पुढच्या फेरीला येतोस का हे विचारत राहा.