पोर्टफोलिओत फक्त कॉलेजचेच प्रोजेक्ट असतील तर चालेल का?

चालतं. तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलचा डिप्लोमा करून प्रॉडक्ट डिझाइनकडे वळलात आणि हाताशी कॉलेजचेच पाच-सहा प्रोजेक्ट आहेत. त्यातले तीनच ठेवा, पण नीट उलगडून दाखवा.

माझं उदाहरण सांगते. माझा पहिला प्रोजेक्ट विळीचा होता. आजीला गुडघ्यांमुळे जमिनीवर बसवत नव्हतं आणि सुरीने तिला भाजी चिरता येत नव्हती. विळी ओट्यावर ठेवली तर पाट पायाखाली दाबता येत नाही, सगळी सरकते. मग पाटाला ओट्याच्या कडेत अडकणारा ओठ दिला. थर्माकोलची चार मॉडेल्स फुकट गेली, पाचवं टिकलं. मुलाखतीत चकचकीत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं वस्तूचं चित्र, कोणी फारसं पाहिलं नाही. त्या फसलेल्या चार मॉडेल्सच्या फोटोवर मात्र वीस मिनिटं बोलणं झालं. म्हणून कच्ची स्केचेस, मोडलेले नमुने, वस्तू हातात धरलेल्या माणसाचे फोटो हे सगळं ठेवाच.

मापं कुठून घेतली तेही लिहा. एनआयडीने (अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने) १९९७ साली भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलंय, ते कॉलेजच्या लायब्ररीत शोधा. परदेशी तक्त्यांवरून आपल्या ओट्याची उंची ठरवू नका.

डिप्लोमा लपवू नका, प्लीज. लेथवर काम केलेल्या माणसाला वस्तू कशी बनेल हे कळतं, आणि ते पहिल्याच पानावर दिसायला हवं. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर तुमचा वाटा कोणता, ते स्पष्ट लिहा.