केनेडींच्या भाषणातून इंग्रजी शिकायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा: नर्सिंगच्या कामासाठी निपाणीहून आयर्लंडला निघण्याआधी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचं शपथविधीचं भाषण पाठ केलं तर इंग्रजी शब्द वाढतील का? वाढतील, पण पाठ करू नका. पाठांतराने भाषण म्हणता येतं, बोलता येत नाही.

भाषण २० जानेवारी १९६१ चं, वॉशिंग्टनमधलं. साधारण १,३६० शब्द आणि चौदाएक मिनिटं, म्हणजे टाळ्या धरून मिनिटाला शंभरेक शब्द. वॉर्डात माणसं याहून बरीच भराभर बोलतात, तेव्हा हे समजलं म्हणून कान तयार झाला असं धरू नका. बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आवाज आणि मजकूर दोन्ही फुकट मिळतात.

'लेट बोथ साइड्स' इथून पुढचा भाग आधी घ्या, बाकीचा नंतर. रोज दीड-दोन मिनिटांचा तुकडा पुरे. आधी मजकूर न बघता दोनदा ऐकायचं आणि कळलं तेवढं मराठीत दोन ओळींत लिहायचं. मग मजकूर समोर ठेवून ऐकायचं. शेवटी एकेक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि मूळ आवाजाशी ताडून बघायचं. नवे शब्द दिवसाला सहा-सातच, तेही अख्ख्या वाक्यासकट वहीत. बाजारातलं कन्नड 'एष्टु' (किती) नि 'बेड' (नको) तुम्ही यादी करून शिकला नव्हता.

आता उच्चार. मराठीत आपण 'लेट अस' आणि 'बस लेट झाली' सारखंच लिहितो आणि बोलतोही सारखंच. इंग्रजीत पहिला ए आखूड आहे. कन्नड येत असेल तर हे तुम्हाला सोपं जाईल: 'एरडु'मधला (दोन) ए आखूड, 'एळु'मधला (सात) लांब. केनेडींचा 'लेट' एरडुसारखा. दुसरी अडचण भाषणाच्या पहिल्याच वाक्यात आहे, 'वी' आणि 'व्हिक्टरी'. 'वी'ला ओठ गोल, दात कुठेच लागत नाहीत. 'व्हिक्टरी'ला वरचे दात खालच्या ओठावर. केनेडींचा र मात्र उचलू नका. बॉस्टनकडे तो गिळतात, आयर्लंडमध्ये ठणठणीत उच्चारतात. तुमचा र आहे तसाच चालेल. (तिथे 'थ'चा 'ट' करणारे पुष्कळ भेटतील, 'थ्री' ऐवजी 'ट्री' ऐकून गोंधळू नका.)

सगळे शब्द सारख्या कामाचे नाहीत. 'फो' (शत्रू), 'फोरबेअर्स' (पूर्वज), 'असंडर' (फुटून अलग) हे व्यासपीठावरचे. अर्थ माहीत असू द्या, तोंडात नकोत. 'आस्क नॉट' ही रचनाही तशीच, आज कुणी असं बोलत नाही, 'डोन्ट आस्क' म्हणतात. उलट 'रिन्यू' पहिल्या वर्षापासून लागेल, नोंदणी आणि राहण्याचा परवाना दोन्हींसाठी. 'सिन्सेरिटी इज ऑलवेज सब्जेक्ट टु प्रूफ' या वाक्यातलं 'सब्जेक्ट टु' नेमणूकपत्रात हमखास असतं: अमुक तपासणी पार पडली तरच नोकरी पक्की. ते नजरेतून सुटलं की लोक आधीच राजीनामा देऊन बसतात. 'बेअर एनी बर्डन'मधलं 'बेअर' म्हणजे सोसणं. फोनवर 'बेअर विथ मी' म्हणाले तर जरा थांबा, एवढाच अर्थ. 'फिअर' एकाच जोडवाक्यात नाम आणि क्रियापद असं दोन्ही येतं, ते दहा वेळा म्हणा.

ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) देणार असाल तर शेवटचे तीन आठवडे भाषण बाजूला ठेवा. त्यात बोलण्याच्या भागात रुग्णाशी पाचेक मिनिटांचे दोन संवाद असतात आणि लेखनात पत्र. तिथे 'डिझी', 'नम' (numb), 'सोअर' असले शब्द लागतात, आणि केनेडींकडे ते नाहीत.