अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ख्रिस्तीच असावा लागतो का?

नाही. राज्यघटनेच्या सहाव्या कलमात कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला स्पष्ट मनाई आहे. अटी तीनच: जन्मतः नागरिकत्व, वय किमान ३५ आणि देशात १४ वर्षांचं वास्तव्य. शपथेला बायबलही लागत नाही. १९०१ मध्ये थिओडोर रूझवेल्टनी त्याशिवायच शपथ घेतली.

अडचण कायद्याची नाही, मतदाराच्या मनातल्या संशयाची आहे. १९२८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अल स्मिथ हरले, त्यात ते कॅथलिक असल्याचा प्रचार मोठा होता. पोपचं ऐकतील की देशाचं, हाच सवाल. म्हणून कॅथलिक असलेल्या जॉन केनेडींना निवडणूक लढवताना १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर उभं राहून सांगावं लागलं की चर्च आणि शासन पूर्ण वेगळं असायला हवं.

ओबामांच्या वेळी वर्ण, धर्म आणि देशभक्ती एकत्र गुंफली गेली. ते ख्रिस्ती असूनही मुस्लिम असल्याची अफवा पसरली, कोटावर झेंड्याची पिन का नाही यावर वाद झाला, जन्म हवाईतला असूनही परदेशातला ठरवायचा प्रयत्न झाला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये त्यांनी सविस्तर जन्मदाखला जाहीर केला. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

‘ते मुस्लिम नाहीत’ एवढंच उत्तर अपुरं होतं. रिपब्लिकन असलेल्या माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलनी ऑक्टोबर २००८ मध्ये नेमका प्रश्न विचारला: असते, तर काय बिघडलं असतं? सोबत त्यांनी आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतल्या एका मुस्लिम अमेरिकन सैनिकाच्या कबरीचा दाखला दिला.